भागूबाईचं नाक आणि गेनूचा टेम्पो

भागूबाईला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाचं भांडण हे. माण गाव त्या काळी नुसतं ज्वारी-हरभऱ्याचं होतं. आता जिथं काचेच्या इमारतीत बसून पोरं परदेशाशी बोलतात, तिथं तिच्या बापाची शेळी चरायची. पाहुणे निघोज्याचे. पोहे खाऊन झाले, नाव-गाव विचारून झालं, पोरगी आत गेली. आत गेली म्हणजे कुठं, तर दाराआड. पुढं जे झालं ते तिनं कान देऊन शब्दन् शब्द ऐकलं.

"पोरगी कामाची दिसती तात्या," नवऱ्या मुलाचा थोरला चुलतभाऊ दौलतराव म्हणाला. नवी मिशी फुटलेली, म्हणून जरा जास्तच बोलायचा. "पन नाक बगितलं का? नाक आदी घरात येईल, पोरगी मागनं."

तात्या म्हणजे होणारा सासरा. त्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली. "येऊ दे की आदी. आपल्या घरात दूध करपून काळं होतं तरी कुणाला पत्ता नसतो. एक तरी नाकाचं मानूस पायजे."

"हसतील लोकं!"

"लगीन तुजं हाय का गेनूचं?"

"मग गेनूला इच्यारा!"

"तूच इच्यार की. मघाधरनं तुजंच तोंड चाललंय."

आवाज इतके चढले, की शेळीसुद्धा ओरडायची थांबली. शेवटी गेनूला विचारलं. गेनू चहात बिस्कीट बुडवत होता. तो म्हणाला, "मला तर काय वाईट दिसत न्हाई." तेवढ्यावर नारळ फुटला. बिस्कीट मात्र चहात बुडालं ते बुडालंच.

भागूबाई निघोज्याला नांदायला आली आणि तात्यांचं खरं निघालं. दूध उतू जायच्या आधी तिला ओट्यावरनं कळायचं. कणगीत उंदीर मेलाय, शेजारणीनं लोणच्याला मीठ कमी घातलंय, दौलतराव पिऊन आलेत आणि वर बडीशेप खाल्लीय, सगळं कळायचं. पण बाईचं नाक बाईपाशी. त्याची वाखाणणी कोण करतो? वाखाणणी झाली ती गेनूच्या नाकाची. ती कशी झाली तेही सांगायला हवं.

गेनूपाशी टेम्पो होता. आधी तो कंपन्यांचे सुटे भाग वाहायचा. मग चाकणच्या पुढं एक कारखाना निघाला, वापरून टाकलेल्या तेलाचं डिझेल करायचा. कंपन्यांच्या कँटीनमधलं तळणाचं काळं तेल, फरसाणवाल्यांच्या कढईतला गाळ, हॉटेलच्या मोरीखालच्या चेंबरात साठलेली चरबी, जे जे लोक नाकाला पदर लावून फेकून देतात ते ते या कारखान्याला हवं. गेनूनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा भागूबाईला वाटलं, कुणीतरी याला फसवतंय.

"चरबीवर गाडी चालती व्हय?"

"चालती म्हंजे! ट्रक चालतो."

"मग तुमच्या दौलतभावजींच्या पोटावर तर मुंबईपत्तोर जाऊन येईल."

एकदा ती स्वतः कारखाना बघून आली आणि तिची खात्री पटली. तेल तापवायचं, त्यातलं पाणी उडवायचं, औषध घालून ताकासारखं घुसळायचं आणि निवांत ठेवून द्यायचं. काळं जड असतं ते ग्लिसरीन म्हणून तळाला बसतं, वर पिवळंधमक डिझेल राहतं. "लोनी काढायचंच काम हाय हे," ती म्हणाली. फक्त दोन गोष्टींशी त्या कामाचं वाकडं. तेलात पाणी आलं की बिघाड, भांड्याचा साबण आला की सत्यानाश. सगळ्या टाकीचा साबणाचा लगदा होतो. डिझेल राहतं बाजूला, कपडे धुवायला घ्या.

म्हणून माल उचलणारा माणूस नाकाचा पक्का लागायचा. आणि गेनू होता पक्का. पळीभर तेल घ्यायचा, गवयासारखे डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ह्यात वडे तळलेत. आन् वड्याला लसूण जास्त झालाय." कँटीनचा आचारी खाली बघायचा. पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत गेनूच्या नाकाला मान होता. कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत स्वप्नाली नावाची शिकलेली पोरगी होती. तिचं मशीन आणि गेनूचं नाक यांचं सहसा एकच निघायचं. कधी वेगळं निघालं तर ती आधी मशीन पुसून घ्यायची.

मग ते साथीचं वर्ष आलं. गेनू तापला, पंधरा दिवस खोलीत पडला, उठला. सगळे म्हणाले, वाचला. वाचला खरा, पण नाक गेलं. म्हणजे चेहऱ्यावर होतं तिथंच होतं, आत वास शिरेना.

त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. उलट पहिल्यासारखी पळी धरायचा, डोळे मिटायचा आणि मनाला येईल ते ठोकून द्यायचा. चिंचवडच्या एका फरसाणवाल्याकडं कांदासुद्धा दाराबाहेर ठेवायचे. त्यांच्या तेलाला गेनू म्हणाला, "वा, बोंबील!" फरसाणवाल्यानं त्या दिवशी दुकान धुऊन काढलं. दोन महिन्यांत दोन वेळा गेनूचा अख्खा माल कारखान्यानं परत केला. दोन्ही वेळा साबणाचं पाणी निघालं. नियम असा, की तिसऱ्यांदा चुकला की माल उचलायचं कार्ड काढून घ्यायचं, आणि कार्ड गेलं की फेरा गेला. टेम्पोच्या मागं दोघांचं सगळं म्हातारपण उभं होतं.

घरात निराळीच लढाई चालली होती. "ते शर्ट भायेर काढा आदी! गल्लीतली कुत्री घरात यायची बाकी राह्यलीत!"

"कसला वास? मला तर काय येत न्हाई."

"येड्याचं सोंग घेऊ नका."

आणि एक दिवस भागूबाई पाणी भरून आली तर चुलीवर दुधाचा कोळसा झालेला, घरभर धूर, आणि गेनू शेजारीच पेपर वाचत बसलेला. ती दारातच थांबली. भांडायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. कपाटातली हिंगाची डबी आणली, मागून येऊन त्याच्या नाकाखाली उघडी धरली.

गेनूनं पान उलटलं.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

गेनूनं पेपर खाली ठेवला. एवढा मोठा माणूस, पण पाटी हरवलेल्या पोरासारखा बसला. "तापापासनं," तो म्हणाला. "सांगू नगो कुनाला. नाक गेलेला मानूस कोन ठेवील टेम्पोवर?"

भागूबाईनं जळकं पातेलं मोरीत टाकलं. "उद्या मी येती," ती म्हणाली. "तुमी नाक लावा, मी वास घेती."

पण खूण हवी. बोलायची सोय नव्हती, कारण मान गेनूच्या नाकाला होता आणि तो ठेवायचा होता. दोघांनी बसून ठरवलं. माल चांगला असला की भागूबाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, खराब असला की पदर खांद्यावर पडू द्यायचा. सोपं काम. कुणाला संशयही यायचा नाही, बाई आहे, पदर वर-खाली करणारच.

दुसऱ्या दिवसापासून ती टेम्पोत. वाटेवर लोक विचारायचे, "काय गेनूराव, या वयात हनिमून?" गेनू लाजायचा. भागूबाई म्हणायची, "व्हय की, पाहुनचाराला तेल गोळा करतोय." कँटीनच्या मागच्या दाराशी ती रिकामा कॅन आणि नरसाळं घेऊन गेनूच्या शेजारी उभी राहायची. झाकण निघालं की पहिला भपका तिचा. मग गेनू पळी घ्यायचा, डोळे मिटायचा, एक डोळा किलकिला करून पदर बघायचा आणि निकाल द्यायचा. वर्षभर एक कॅन परत आला नाही. स्वप्नाली म्हणाली, "काका, आजारपणानंतर तुमचं नाक उलट वाढलं की हो." गेनूनं नम्रपणानं मान खाली घातली. भागूबाईनं टेम्पोच्या आरशात बघून कुंकू नीट केलं.

आता दौलतराव. मिशी पांढरी झाली तरी तोंड तसंच. एका मोठ्या कंपनीच्या कँटीनचा ठेका त्यांच्याकडं होता. स्वतः ते मागच्या दाराला कधी यायचे नाहीत, माणसं ठेवलेली. तेल वजनावर जायचं, म्हणून त्यांची माणसं डब्यात पाणी ढकलायची, आणि ते पाणी भांडी घासून उरलेलं. गेनूचे ते दोन परत आलेले माल याच दाराचे होते. भागूबाई यायला लागल्यापासून तिथं पदर काही वर जाईना. चार वेळा गेनू रिकामा परतला. चौथ्या वेळेला दौलतरावांनी गाडी काढली आणि थेट कारखाना गाठला.

"तुमचा गेनू भावकीचा राग काढतोय म्याडम. एक नंबर माल परत धाडतो. त्याच्या नाकाची परीक्षा घ्या. माज्या तेलाची बाटली मी सोता आनून देतो."

स्वप्नाली न्यायाची पोरगी. ती म्हणाली, "ठीक आहे. पाच बाटल्या ठेवू. मशीनवर मी आधी बघून घेते." आणि गेनूला फोनवर सांगितलं, "काका, तुमच्या दोन चुका कागदावर आहेत. इथं चुकलात तर तिसरी धरावी लागेल. मला वाईट वाटेल, पण धरावी लागेल."

गेनू त्या दिवशी भाकरी अर्धी ठेवून उठला. भागूबाईनं मात्र सगळी खाल्ली, त्याची अर्धीसुद्धा. "उपाशी पोटी वास नीट येत न्हाई," ती म्हणाली. मग तिनं जुन्या धोतराची चिंधी फाडली आणि गेनूच्या चांगल्या-भल्या बोटाला हे एवढं बोचकं बांधलं.

"हे कशाला?"

"तुमाला झाकनं उगडायला जमत न्हाई. म्हनून मी आलीया."

कारखान्यात टेबलावर पांढरं फडकं, त्यावर पाच बाटल्या. स्वप्नालीच्या हातात घडी घातलेला कागद. कारखान्यातले चार लोक काम सोडून बघायला उभे. दौलतराव अजून गाडी लावत होते.

पहिली बाटली. भागूबाईनं बूच काढलं, गेनूपुढं धरली, पदर डोक्यावर घेतला. "चांगला माल," गेनू म्हणाला. स्वप्नालीनं मान हलवली. दुसरी. पदर तसाच. "चांगला." तिसरी उघडली आणि पदर खांद्यावर आला. "ह्यात पानी," गेनू म्हणाला. "काका!" स्वप्नालीला आनंद लपवता येईना. गेनूला धीर आला, छाती पुढं आली. त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, की वास येतोय.

चौथी बाटली. बूच निघालं मात्र, भागूबाईच्या नाकात पाणी, लिंबाचा साबण, जळकी मिरची सगळं एकदम शिरलं. ही ओळखायला नाकही नको, घासलेलं पातेलं असतं तसा वास. पदर खांद्यावरच होता, तिनं तो आणखी खाली सारला, की खूण स्पष्ट दिसावी.

आणि दारात खाकरल्याचा आवाज आला.

ते खाकरणं भागूबाई चाळीस वर्षं ऐकत होती. थोरला दीर घरात शिरायच्या आधी खाकरतो आणि धाकट्याच्या बायकोच्या डोक्यावर पदर येतो. त्यात विचार करायला काही नसतं, हातच जातो. आत्ताही हात गेला. दौलतराव उंबऱ्यात, आणि भागूबाईच्या डोक्यावर पदर, पार कपाळापर्यंत.

गेनूनं किलकिल्या डोळ्यानं बघितलं. पदर वर, आणि असा वर, की जणू मालात सोनं आहे. त्यानं दीर्घ श्वास घेतला.

"आहाहा! एक नंबर! असं तेल तर देवापुढं लावावं!"

आधी बोलले ते दौलतरावच. "बगा! बगा म्याडम! माजंच तेल! चारदा परत केलं यानं, आन् आता देवापुढं लावतोय!"

स्वप्नालीनं कागदाची घडी उलगडली, परत घातली. "काका," ती हळूच म्हणाली, "यात निम्मं पाणी आहे. साबणाचं."

आता दौलतरावांची पंचाईत अशी, की गेनू चुकला म्हणावं तर माल खराब, आणि माल चांगला म्हणावं तर मशीन खोटं. ते नुसतेच मिशीवरनं हात फिरवत राहिले. गेनू बायकोकडं बघत होता. पदर बघत होता. त्याला अजून उमजेना, की झालं काय.

"कार्ड द्या काका," स्वप्नाली म्हणाली.

गेनूनं खिशात हात घातला. चिंधी बांधलेलं बोट खिशात अडकलं, निघेना. तो ओढतोय आणि खिसा येतोय बाहेर. तेवढ्यात भागूबाई वळली. दिराकडं पाठ, तोंड स्वप्नालीकडं, पदर डोक्यावर तसाच. थोरल्या दिरापुढं ती चाळीस वर्षांत मोठ्यानं बोलली नव्हती.

"बाई, त्यांचं नाक चुकलं न्हाई. नाक हायच कुठं? ते तापात गेलं. चुकला माजा पदर."

आणि तिनं सगळं सांगितलं. हिंगाची डबी, खूण, चिंधी, दाराशी खाकरणं. सांगता सांगता तिला रडू यायचं होतं, पण कारखान्यातल्या चार जणांनी हसू दाबायला जी धडपड चालवली होती ती बघून तिलाच हसू आलं. स्वप्नाली खुर्चीत बसली, कागदामागं तोंड लपवलं, कागद थरथरत होता.

"मावशी," शेवटी ती म्हणाली, "वर्षभर तुम्ही घेत होता वास?"

"मग काय ते घेत व्हते? बोंबील म्हनाले ते फरसानवाल्याला!"

"इकडं या. भिंतीकडं तोंड करून बसा. पदर राहू द्या जिथं आहे तिथं."

स्वप्नालीनं कपाटातल्या आणखी बाटल्या काढल्या. एकेक बाटली उघडून भागूबाईच्या पुढं धरली.

"ही भज्याची, कांदा जळालाय. ही फरसानची, डाळीचं पीठ हाय, माल बरा. ही चेंबरातली चरबी. वास घान हाय पन साबन न्हाई, चालंल. ही..." ती थांबली. नाक जरा पुढं नेलं. "ही परत तीच. आमच्या भावजींची. आन् बाई, पानी नळाचं न्हाई, बोरचं हाय. मचूळ."

"काईतरीच!" दौलतराव उसळले. "नाकानं बोरचं पानी कळतं व्हय?"

सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. मग कुणीतरी विचारलं, "कँटीनला बोर आहे का दौलतराव?"

बोर होती. पावसाळ्यातच मारली होती, आणि बोरीची पूजा करायला गेनू-भागूबाईंना बोलावलंही नव्हतं.

भागूबाई भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "भावजी, माणला आला व्हता तवा तुमीच म्हनला, नाक आदी घरात येईल. मी दाराआड व्हते. आलं बगा."

दौलतराव एवढे लाल झाले, की कारखान्यातल्या एकानं त्यांना पाणी आणून दिलं. नळाचं.

आठ दिवसांनी नवं कार्ड निघालं, भागूबाईच्या नावाचं. गेनूचं नाव खाली, चालक म्हणून. चाकणच्या फोटोवाल्यानं तिला समोर बघायला सांगितलं, तर ती म्हणाली, "जरा बाजूनं काढ, कशासाठी कार्ड मिळालंय ते दिसू दे." गेनू दोन दिवस फुगला होता. तिसऱ्या दिवशी कँटीनच्या दाराशी त्यानं पळी भरली आणि सगळ्यांदेखत बायकोपुढं धरली, तीर्थ धरतात तशी दोन्ही हातांनी. मग ती रीतच झाली. माणसं म्हणायची, "वयनी, सांगा." आणि वयनी सांगायच्या.

घरी परतताना मात्र गेनू विचारायचा, "काय येतं गं?" आणि ती वाटेवरचे वास त्याला सांगायची. इथं कुणीतरी बोंबील भाजतंय. इथं रंगाची कंपनी. इथं ओला कडबा. गेनू गाडी हळू करायचा, जणू हळू गेलं की त्यालाही थोडा मिळेल.

असा तीन वर्षं फेरा चालला. गेल्या साली एका गुरुवारी भागूबाई पहाटे झोपेतच गेली. गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी. जाताना तिनं कुणाचा फेरा चुकवला नाही. त्याच्या आदल्या बुधवारचा फेरा तिचा शेवटचा, पण ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि गेनूलाही. म्हणून तो रोजच्यासारखाच झाला.

दौलतरावांच्या कँटीनला टेम्पो थांबला. आता डबे देताना दौलतराव स्वतः मागच्या दाराशी उभे राहायचे. ते खाकरले. भागूबाईनं पदर डोक्यावर घेतला. गेनूनं पळी धरली.

"पानी हाय भावजी."

"चमचाभर असंल."

"चमचाभर बी न्हाई चालत."

"बरं बाई," म्हणून दौलतरावांनी तो डबा स्वतः उचलून आत नेला, तापवून पाणी उडवायला. बाकीचे पाच डबे तिनं पास केले, नरसाळं पुसलं, कार्ड कमरेला खोचलं. कारखान्यात माल उतरवला. स्वप्नालीनं मशीन लावायच्या आधीच सही केली.

निघोज्याच्या वळणावर गेनूनं गाडी हळू केली.

"काय येतं गं?"

"कुनीतरी मेथी निवडतंय." थोड्या वेळानं, "शेणानं सारवलंय कुठंतरी." आणखी थोड्या वेळानं तिनं काच खाली केली आणि पदर नाकाला लावला. "आन् तुमचा येतोय. घरी गेल्यावर आदी आंगूळ करा."

"मला तर काय येत न्हाई," गेनू म्हणाला, आणि टेम्पो गल्लीत वळवला.